डान्स मशीनचा नाद, दुखरा गुडघा आणि घरचे टोमणे: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हा धागा आरोग्य विभागात काढावा की छंद विभागात, हे ठरेना, म्हणून इथेच टाकतेय. वाचून हसू येईल. हसून घ्या, पण मग उत्तर द्या.

मी टोकियोत राहते. चाळिशी ओलांडली आहे, नोकरी करते. ऑफिसातून येताना जिथे गाडी बदलते तिथे एक गेम सेंटर आहे. लेकीला तिथल्या क्रेनमधली बाहुली हवी होती म्हणून आत शिरलो, तर वरच्या मजल्यावर 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'चं मशीन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पायाखाली डावा, उजवा, पुढचा, मागचा असे चार बाण असतात. गाणं सुरू झालं की पडद्यावर बाण खालून वर सरकत येतात आणि वरच्या ठरलेल्या जागी पोचताक्षणी त्या बाणावर पाय पडायला हवा. कोनामी कंपनीने १९९८ साली हे आणलं, नव्या आवृत्त्या अजून निघतात. हातवारे नाहीत, हावभाव नाहीत. कंबर हलली काय, न हलली काय, मशीनला पत्ताही नसतो.

तेच मला भावलं. मी नाचणारी बाई नाही. वरातीत सगळ्यांच्या पर्स सांभाळत कडेला उभी असते ना, ती मी. इथे मात्र प्रत्येक पावलाला तिथल्या तिथे शेरा मिळतो: मार्व्हलस, परफेक्ट, ग्रेट, गुड, नाहीतर मिस. ऑफिसात वर्षभर राबलं की शेवटी एक गुळमुळीत कागद हातात पडतो. इथे दीड-दोन मिनिटांत तीनएकशे शेरे, आणि एकातही लबाडी नाही.

गुण दहा लाखांपैकी असतात. ९,९०,००० झाले की ट्रिपल ए ही श्रेणी मिळते. माझं एक गाणं ९,८८,००० वर येऊन बसलंय. म्हणजे बाण सगळे लागलेत, फक्त आठ-दहा पावलं परफेक्टऐवजी ग्रेटवर घसरलीत. बरं, त्या गाण्याचे बाण दरवेळी अगदी त्याच क्रमाने येतात, त्यात नशिबाचा काही भाग नाही. क्रेनमधून बाहुली निसटली तर पंजा ढिला म्हणून मोकळं होता येतं. इथे दोष फक्त पायाचा, आणि पाय माझेच. त्यामुळे 'आता जमेलच' ही भावना काही केल्या जात नाही. शंभर येनमध्ये तीन गाणी मिळतात. तिसरं फसलं की हात आपोआप पर्सकडे जातो. इथली गेम सेंटरं कायद्यानेच रात्री बंद करावी लागतात, हे माझ्यावर उपकारच आहेत.

आता दुखणं सांगते. आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी मी तिथे असते. डोळे मिटले की काळोखात बाण चढताना दिसतात. मीटिंगमध्ये टेबलाखाली टाचा चालू असतात. जिना उतरताना उजवा गुडघा पुढून ठणकतो. नवरा म्हणतो, "तुला घर आहे, आठवतंय ना?" तो रागावून नाही, हसत म्हणतो, पण हल्ली जरा जास्त वेळा म्हणतो.

तर विचारायचं ते असं: याला व्यसन म्हणायचं का? पूर्ण न सोडता आवर घालता येतो का? गुडघ्याचं काय करू? आणि घरी खेळायला बाणांची मॅट घेतली तर चालेल का? आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खाली एक आजी राहतात.

तिरकस_तात्या
चाळिशीत लोक झुंबा करतात, तुम्ही बाण तुडवता, त्यात काय एवढं. आमच्या इथल्या मॉलमध्ये असलंच मशीन होतं. त्याचा डावा बाण कायम मेलेला असायचा, त्यामुळे गावात कुणालाही नाद लागला नाही. तुमच्या गेम सेंटरवाल्यांना हा उपाय सुचवून बघा.

खाडीकाठचा
ताई, तुमचं ९,८८,००० वाचून पोटात कालवलं. मी सॅन होजेला शिकत असताना याच रोगाने आजारी होतो. तेव्हा इथे 'इन द ग्रूव्ह' नावाचं अमेरिकन मशीनही आलं होतं, २००४ साली. कोनामीने ते बनवणाऱ्यांवर दावा ठोकला आणि शेवटी त्या खेळाचे हक्कच स्वतःकडे घेतले. आम्ही दोन्हींवर खेळायचो. कोरियन 'पंप इट अप'ला पाच बाण, चार कोपऱ्यांत आणि एक मधे. त्याच्या नादी लागलो असतो तर पदवी राहिली असती.

अनुभवाचं सांगतो. मशीन रिकामं असतं तेव्हा धोका सगळ्यात जास्त. आमच्याकडे नंबर लावायला मशीनच्या कडेवर नाणी मांडून ठेवायचे. आठ-दहा जणांची रांग असली की आपोआप विश्रांती व्हायची, आणि तासाभरात दोन-तीन पाळ्यांवर हात पोचायचा नाही. तुम्ही मंगळवारी रात्री उशिरा, कुणी नसताना जात असाल. त्याऐवजी शनिवारच्या गर्दीत जा. तिथे ब्रेक रांगच लावेल.

दुसरं, पासेलीने, म्हणजे कोनामीच्या त्या डिजिटल पैशांनी, भरत असाल तर बंद करा. कार्ड टेकवलं की पैसे गेले हे कळतच नाही. ठरवाल तेवढी शंभराची नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा, बाकीची पर्स लॉकरमध्ये. गुण साठवायचं कार्ड तेवढं जवळ ठेवा.

तिसरं, शेवटचं गाणं कायम सोपं निवडा, डोळे झाकून जमणारं. तुम्ही तिसऱ्या गाण्याला अवघड घेता, ते फसतं आणि पाय निघत नाही. हे मी पैजेवर सांगतो.

चौथं गुडघ्याचं, पण ते जाणकार सांगतील. मी एवढंच विचारतो: प्रत्येक पावलानंतर पाय मधल्या जागेवर परत आणता का? सगळे नवखे आणतात. पाय बाणावरच राहू द्या, पुढचा बाण दुसऱ्या पायाने घ्या. मेहनत जवळजवळ निम्मी होते. आणि बाणांचा वेग वाढवून बघा. ऐकायला उलटं वाटतं, पण वेग वाढला की बाणांमधलं अंतर वाढतं आणि वाचायला सोपं जातं. गाण्याचा ताल तोच राहतो. तुमची ती आठ-दहा पावलं बहुतेक इथेच सापडतील.

नडगी_ते_नाक
फिजिओथेरपिस्ट आहे. लांबून निदान करत नाही, पण जिना उतरताना पुढून ठणकतो म्हणजे वाटीच्या मागच्या भागावर ताण येत असण्याची शक्यता आहे. दोन-तीन आठवडे उड्यांची गाणी पूर्ण बंद. सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा पाय दगा देत असेल तर वाट न बघता ऑर्थोपेडिककडे जा.

व्हिडिओ पाहिले या खेळाचे. नवखे लोक भुईमूग मळल्यासारखे पाय आपटतात. बाणाला तेवढा जोर लागत नाही ना? मग चवड्यावर हलकं पाऊल टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. पाठीमागचा आधाराचा दांडा धरायला लाज वाटू देऊ नका, पण सगळं वजन त्यावर टाकून लटकू नका, नाहीतर खांदा घेऊन याल माझ्याकडे. खेळण्याआधी पाच मिनिटं चाला, पोटऱ्या ताणा. मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम रोज. ऑफिसच्या बुटांत खेळता का?

मधली_सुट्टी
समुपदेशन करते म्हणून व्यसनाबद्दल लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार नोंदलेला आहे, २०२२ पासून तो लागू झाला. त्यात तास मोजलेले नाहीत. बघतात ते असं: खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ झालाय का, आणि नुकसान दिसत असूनही चालूच आहे का. तेही साधारण वर्षभर, आणि घर, नोकरी, नातेसंबंध यांवर ठळक परिणाम होईल इतकं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तिथवर पोचलेलं वाटत नाही. मात्र दुखऱ्या गुडघ्याने खेळत राहणं हे तिसऱ्या मुद्द्याच्या जवळ जातं, ते हसण्यावारी नेऊ नका. बाण दिसतात त्याची भीती नको. दिवसभर पत्ते खेळलं तरी रात्री पत्ते दिसतात.

एक प्रश्न. ज्या दिवशी ऑफिसात वाईट जातं त्याच दिवशी पाय तिकडे वळतात का?

तिरकस_तात्या
व्यसन कसलं, बघा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ साली हाच खेळ सगळ्या ७६५ सरकारी शाळांत पीटीच्या तासाला आणायचं जाहीर केलं होतं, पोरांची वजनं कमी व्हावीत म्हणून. ताईंनी फक्त गणवेश शिवून घ्यावा.

पर्सवाली (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. खाडीकाठचा, पैज जिंकलात, तिसरं गाणं कायम अवघडच असतं. पाय मधे आणायची सवयही आहे, ती मोडताना सध्या लेव्हल ८ ची गाणीसुद्धा धड जमत नाहीयेत, चिडचिड होतेय. हो, बूट ऑफिसचेच.

मधली_सुट्टी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो. एका ठरावीक माणसाबरोबर मीटिंग असली की हमखास. इथे सगळ्यांसमोर याहून जास्त लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गुडघ्यासाठी वेळ घेतली आहे. तोवर उड्या बंद, आणि जायचं ते फक्त शनिवारी, लेकीला घेऊन. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे आता दोघी." मॅटचं मात्र कुणी सांगितलं नाही.

खाडीकाठचा
मॅट नको. घडीच्या स्वस्त मॅटा पायाखालून सरकतात, आणि सरकत्या मॅटवर गुडघ्याचं वाटोळं होतं. धातूचा पॅड चांगला, पण महाग आणि जड. खाली फोमच्या जाड लाद्या घातल्या तरी धमक जमिनीतून उतरतेच. आजींशी संबंध बिघडवू नका. फार वाटलं तर स्टेपमेनिया हा फुकट प्रोग्रॅम संगणकावर उतरवा आणि पाय न हलवता नुसते बाण वाचायचा सराव करा, तेवढ्यानेही फरक पडतो. बूट हलके आणि पातळ, सपाट तळाचे घ्या. जाड गादीच्या धावायच्या बुटांत बाण पायाला कळत नाही.

पर्सवाली
बूट बघते. अजून एक, लेक विचारतेय: दोघी एकदम खेळलो तर एकाच नाण्यात होतं का?

खाडीकाठचा
आमच्या वेळी दोघांचं वेगळं लागायचं. आणि ती जिंकणार, आत्ताच सांगून ठेवतो.