मदत हवी आहे: दीड किलोसाठी रसेलचा विजय काढून घेणं बरोबर होतं का?

राधिका_नाशिक
फॉर्म्युला वन बघायला मी अलीकडेच लागले आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. घरी दिरांशी वाद पेटलाय आणि मला मुद्दे हवेत.

२०२४ ची बेल्जियमची शर्यत आम्ही पुन्हा पाहिली. जॉर्ज रसेल सहाव्या जागेवरून सुटला. हॅमिल्टन आणि पियास्त्री टायर बदलायला दोनदा थांबले, हा एकदाच. दहाव्या फेरीला घातलेले टायर त्याने ४४ व्या फेरीपर्यंत ओढले आणि हॅमिल्टनला अर्ध्या सेकंदाने मागे ठेवून जिंकला. मग गाडी किमान वजनापेक्षा दीड किलो कमी भरली म्हणून बाद, आणि विजय हॅमिल्टनला! दीर म्हणतात, हलक्या गाडीने जिंकला, त्यात ड्रायव्हरचं कौतुक कसलं?

७९८ किलोंच्या गाडीत दीड किलोने असा काय फरक पडतो? शिवाय काट्यावर गाडी आधी बरोबर ७९८ भरली होती म्हणे. मग इंधन काढून पुन्हा तोलायचं कशाला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

इंजिनवाला
इंधनाचं आधी सांगतो. २०२४ मध्ये ७९८ किलो ही किमान वजनाची मर्यादा होती, ड्रायव्हरसकट, पण इंधनाशिवाय. रसेलच्या गाडीतून २.८ लिटर इंधन निघालं आणि काटा ७९६.५ वर आला.

इंधन धरलं तर काय होतं हे २००५ मध्ये इमोलाला दिसलं. जेन्सन बटनची बीएआर संघाची गाडी इंधनासकट ६०६ किलो भरली, तेव्हा मर्यादा ६०० होती. टाकी पूर्ण रिकामी केल्यावर ५९४.६! आतल्या एका कप्प्यात इंधन राहत होतं. स्थानिक स्टुअर्ड्सनी (शर्यतीचे पंच) आधी सोडून दिलं होतं, पण एफआयए ही मोटर रेसिंगची जागतिक संस्था अपिलात गेली आणि संघाला पुढच्या दोन शर्यतींना बंदी झाली. त्यामुळे रसेलच्या वेळी कुणी खुसपट काढलं असं समजू नका, तपासणी अशीच होते.

खडूस काका
दिरांच्या बाजूने कुणी नाही का? मग मी.

दहा किलोंना फेरीमागे सुमारे ०.३ सेकंद, हा रेसिंगमधला जुना ढोबळ हिशेब. दीड किलोला ०.०४५. गुणिले ४४ म्हणजे जवळपास दोन सेकंद. तो जिंकला अर्ध्या सेकंदाने. आता बोला! आणि बेल्जियमची ही शर्यत होते त्या स्पा ट्रॅकची फेरी सात किलोमीटरची, सगळ्यांत लांब, तिथे वजन जरा जास्तच बोचतं.

इंजिनवाला
काका, हिशेब बरोबर पण गृहीतक चुकलं. गाडी पहिल्या फेरीपासून दीड किलो हलकी होती असं तुम्ही धरलंत. रबर झिजतं ते हळूहळू. ३४ फेऱ्या एकाच जोडावर काढल्या की टायर पार झिजतात, गाडीच्या तळाला लावलेली फळी घासते, ड्रायव्हरचा घाम जातो. सगळं शेवटी शेवटी जमा होतं. म्हणजे प्रत्यक्ष फायदा दोन सेकंदांच्या बराच खाली.

त्यात स्पाची एक गंमत आहे. इतर ठिकाणी झेंडा पडल्यावर ड्रायव्हर सावकाश एक फेरी मारतात आणि रस्त्यावर सांडलेलं रबर मुद्दाम टायरला चिकटवून घेतात, तेवढंच वजन. स्पाला ती पूर्ण फेरी नसते, पहिल्या वळणानंतर लगेच माघारी फिरतात.

खडूस काका
बराच खाली म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही खाली? ते छातीठोकपणे सांगता येईल का? येत नाही म्हणूनच रेषा आखायची असते. आज दीड किलो सोडला की उद्या तीन किलो. चूक संघाची होती, त्यांनी ती मान्यही केली, पण गुण संघ आणि ड्रायव्हर दोघांचेही जाणार.

मिसळप्रेमी
बाद करणं योग्यच. पण म्हणून ड्रायव्हिंग वाया गेलं हे मला मान्य नाही. शेवटच्या फेऱ्यांत मागे ताज्या टायरवरचा हॅमिल्टन, त्याच्याकडे डीआरएस (मागचा पंख उघडून वेग वाढवायची सोय), समोर केमेलचा लांबलचक सरळ पट्टा. घासलेल्या टायरवर ओ रूजचं चढाचं वळण घेताना जरा जरी गाडी घसरली असती तरी खेळ खलास. एकदाच थांबायचं ही कल्पनाही त्याने स्वतः रेडिओवर पुढे रेटली होती. निकालाच्या तक्त्यात नाव नाही एवढंच.

अवांतर: २०२५ मध्ये चीनला लक्लेरची गाडी नेमकी अशीच, एकच थांबा घेऊन, एक किलो कमी भरली. गास्लीचीही तशीच गेली. हॅमिल्टनची फळी जास्त घासली म्हणून तोही बाद. एका शर्यतीत तिघे! संघ वजन मर्यादेच्या इतकं काठावर का ठेवतात हा खरा प्रश्न आहे.

इंजिनवाला
काठावर ठेवतात कारण दोन किलोंची मोकळीक ठेवली तर शनिवारी पात्रता फेरीत ती अंगावर येते. तिथे एका जागेचा फरक कधीकधी शतांश सेकंदाचा असतो. स्पाला बहुतेकांचा बेत दोन थांब्यांचाच होता, एका थांब्याची झीज हिशेबात धरली नसावी, असा माझा कयास.

राधिका_नाशिक
सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. म्हणजे बाद करणं बरोबर, पण ‘हलक्या गाडीमुळेच जिंकला’ हे सिद्ध होत नाही. दिरांना एवढं सांगून बघते. ते कट्टर शुमाकरवाले आहेत, ऐकतील असं वाटत नाही.

खडूस काका
शुमाकरवाले? मग सोपं आहे. १९९४ ला याच स्पावर शुमाकर पहिला आला होता आणि गाडीखालची फळी जास्त झिजली म्हणून बाद झाला. विजय डेमन हिलला गेला. संघ म्हणाला, गाडी कर्बवर (ट्रॅकच्या उंच कडेवर) आपटली म्हणून झिजली. स्टुअर्ड्सनी ऐकलं नाही. दिरांना विचारा, तो ‘हलका विजय’ होता का. आणि काय म्हणाले ते इथे कळवा.