आधी खराटा, मग नेतृत्व

नेत्याचं ध्येय मोठं असलं की सेवा आणि सलोखा मागोमाग येतात, असं एकांनी लिहिलंय. मला क्रम उलटा वाटतो. आपल्या नाशिकचे, आंबेडकरी चळवळीतले दादासाहेब गायकवाड घ्या. २ मार्च १९३० ला दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व बाबासाहेबांचं, पण इथे राहून तो वर्षानुवर्षं तगवून धरला दादासाहेबांनी. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले, तरी मार्ग अहिंसेचाच राहिला. लोकांनी त्यांचं ऐकलं, कारण ते रोज त्यांच्यातच असायचे. पुढे भूमिहीनांसाठीही तेच उभे राहिले.

छोटं उदाहरण डोळ्यांदेखतचं. ऑगस्ट २०१६ च्या गोदेच्या पुरानंतर आमच्या गल्लीत गुडघाभर गाळ होता. एक निवृत्त मास्तर कुणाला काही न सांगता खराटा घेऊन उतरले आणि पहिला उंबरा धुतला तो ज्यांच्याशी त्यांचं भिंतीवरून दहा वर्षं वाकडं होतं, त्यांचा. तासाभरात त्या घरातला पोरगा घमेलं घेऊन त्यांच्या शेजारी उभा होता. भिंतीचा वाद नंतर दोन्ही घरांनी ओट्यावर बसूनच मिटवला.