मदत हवी आहे: आईच्या गालात पांढरा चट्टा, बायोप्सी सांगितलीय पण ती तयार नाही

कृष्णाकाठची
आई ६१ वर्षांची, वाळवा भागात गावी असते, मी पुण्यात. दिवाळीत घरी गेले तेव्हा जेवताना सारखी पाणी पीत होती, आमटी साधीच होती तरी "तिखट लागतंय गं" म्हणाली, म्हणून मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर डाव्या गालाच्या आत खालच्या दाढांजवळ पांढरा चट्टा, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा, भिंतीवरचा चुना वाळून तडे जातात ना तसा, आणि मागच्या कडेला लालसर ठिपके. ओल्या फडक्याने पुसून बघितलं, निघत नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी तोंडात लावायची ट्यूब आणि व्हिटॅमिनच्या कॅप्सूल दिल्या. दीड महिना झाला, झोंबणं कमी झालं पण चट्टा जागच्या जागी. आता इथे डेंटिस्टना दाखवलं तर ल्युकोप्लाकिया (पुसून न निघणारा पांढरा चट्टा) लिहून बायोप्सी करा म्हणाले. आई ऐकत नाही. "सुरी लागली की पसरतं, भावकीतल्या दोघांचं बघितलंय मी."

आणि खरी गंमत पुढे आहे. डॉक्टरांनी विचारलं तंबाखू खाता का, आई सरळ "नाही" म्हणाली आणि त्यांनी तसंच कागदावर लिहिलं!! कारण ती मिश्री लावते, म्हणजे तिच्या लेखी दात घासते. लग्नाच्या आधीपासून. सकाळी, जेवल्यावर, दुपारी, झोपताना. घरी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची तेव्हा आम्ही पोरं ठसका लागून अंगणात पळायचो, तेच ते.

तर बायोप्सीने खरंच पसरतं का, मिश्री बंद करून दोन-तीन महिने थांबून बघितलं तर चालेल का, की सरळ टाटाला घेऊन जाऊ?

सोलापुरी_चादर
आमच्या आत्याला हळद आणि साजूक तूप लावून पंधरा दिवसात गेलं होतं. चिरफाड शेवटी करा.

दाढदुखी_तज्ज्ञ
मी ओरल सर्जन आहे, फोटो न बघता निदान करणार नाही पण तुम्ही लिहिलंय त्यावरून सांगतो.

आधी त्या डेंटिस्टना मिश्रीचं सांगा, आजच. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती दिवसातून चार-पाच वेळा हिरड्यांना लागते. तंबाखूचा प्रश्न विचारताना "मिश्री, मशेरी लावता का" असं वेगळं विचारावं लागतं, नाहीतर आपल्याकडच्या बायका नाहीच म्हणतात.

चादर भाऊ, आत्यांचा पुसला की निघणारा असेल तर ती बुरशी, किंवा टोकदार दाढ घासून झालेला डाग असेल, ते जातात. हा पुसून निघत नाही. व्हिटॅमिनने चट्टा कधीकधी लहान होतो पण त्याने पुढचा कॅन्सर टळतो असं दिसलेलं नाही.

मिश्री थांबवल्यावर बरेच चट्टे फिके पडतात हे खरं, आणि नुसता पांढरा, सपाट, एकसारखा असता तर मीही थोडे आठवडे थांबून बघा म्हणालो असतो. पण पांढऱ्यात लाल ठिपके असतील तर थांबायचं नाही. लाल भागातच गडबड असण्याची शक्यता जास्त, तुकडा घेताना तिथला घ्यायला हवा. असल्या बहुतेक चट्ट्यांचा कॅन्सर होत नाही, पण तुमच्या आईचा कुठल्या गटात बसतो हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही, पेशी मायक्रोस्कोपखाली बघाव्या लागतात.

बायोप्सीने पसरत नाही. लोक येतातच उशिरा, गाठ मोठी झाल्यावर, मग चार महिन्यांनी माणूस गेला की नाव सुरीचं होतं. प्रत्यक्षात जागा बधिर करून छोटासा तुकडा, एक-दोन टाके, पंधरा-वीस मिनिटांचं काम, लगेच घरी. त्यासाठी टाटाला रांग लावायची गरज नाही, कुठल्याही चांगल्या डेंटल कॉलेजात होतं आणि स्वस्तात होतं. रिपोर्टमध्ये डिस्प्लेसिया (म्हणजे पेशींमधला बिघाड) हा शब्द आहे का आणि माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर यातलं काय ते बघा. मॉडरेट किंवा त्याच्या वर असेल तर सहसा चट्टा काढून टाकतात, सुरीने किंवा लेझरने. काढला तरी परत येऊ शकतो, त्यामुळे दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवणं आलंच.

निवांत_नलू
माझ्या सासूबाईंची मिश्री सुटली त्याचं सांगते. त्यांचं एकच, "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही". आणि सोडल्यावर आठवडाभर खरंच होत नव्हतं, निकोटिनची सवय असते ना. रात्री इसबगोल आणि सकाळी कोमट पाणी सुरू केलं. हाताला चाळा हवा म्हणून साधी दंतमंजनाची डबी दिली, पण लेबल वाचून घ्या ताई, काही लाल मंजनांतही तंबाखू निघालेली आहे. १८००-११-२३५६ या टोल फ्री नंबरवर समुपदेशन मिळतं, तंबाखूच्या पुडीवर पण छापलेला असतो. डबी लपवू नका, शेजारणीकडे जाऊन लावतात. 😅

कृष्णाकाठची
नलूताई, लपवली होती. शेजारच्या काकूंकडेच सापडली.

डॉक्टर, तुमचा रिप्लाय फोनवर वाचून दाखवला. पसरण्याचं काही पटलं नाही तिला, पण "पंधरा मिनिटात घरी" ऐकून गुरुवारी यायला तयार झाली. एकच राहिलं, तिला हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, दोन दिवस आधी बंद करू का?

दाढदुखी_तज्ज्ञ
स्वतःहून अजिबात बंद करू नका. गोळीची स्ट्रिप आणि जुने कागद बरोबर न्या, काय करायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील. आणि भरल्या पोटी न्या, उपाशी नको.