मदत हवी आहे: सरावात ६२७, मॅचमध्ये ६१८

नमस्कार मंडळी,

लेक १७ वर्षांची, १० मीटर एअर रायफल खेळते, हे पाचवं वर्ष. आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे शूटिंग म्हणजे काय ते इथे कुणाला समजावावं लागत नाही. २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत इथलीच, पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ घेणारा स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातला. पंचाईतही तीच आहे. भाजीवाली मावशीसुद्धा विचारते, "पोरगी ऑलिंपिकला कधी?"

सरावात ६० शॉट्सचे ६२६-६२७ गुण होतात (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९). मॅचला ६१८. मागच्या स्पर्धेत मी काचेमागे बसले होते. पहिल्या चार सिरीज (दहा-दहा शॉट्सच्या) छान गेल्या. पाचवीत एक ९.३ लागला. त्यानंतर तिने रायफल उचलली, गालाला लावली, खाली घेतली. परत उचलली, परत खाली. सात वेळा, मी मोजलं. आठव्यांदा सुटला तो ९.६. मध्येच मॉनिटरकडे बघून ओठ पुटपुटत होते. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, "आई, बेरीज करत होते गं. उरलेले सगळे १०.६ लागले तर किती होतात ते."

दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि ही तिथे गणितं सोडवतेय!

सासरे म्हणतात मन घट्ट कर. दीर रोज सकाळी प्रेरणादायी व्हिडिओ पाठवतात. अहो, प्रेरणा कमी नाहीये तिच्यात, साडेपाचला तीच मला उठवते. उलट जरा जास्तच झालीय की काय असं वाटतं.

तर,
१. क्रीडा मानसशास्त्रज्ञाचा ऑनलाइन उपयोग होतो का? माणूस पारखायचा कसा?
२. मी मॅचला समोर बसावं की नको?
३. मेडिकल दुकान चालवणारे एक नातेवाईक म्हणतात, हात थरथरू नयेत म्हणून बीपीची अर्धी गोळी दे. दिलेली नाही. पण असं कुणी करतं का?

प्रतिसाद

ताई, तिसऱ्यापासून सुरू करतो. गोळी अजिबात नको. ती बीटा ब्लॉकर असणार, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध. नेमबाजीत त्यावर बंदी आहे, तीही नुसती मॅचच्या दिवशी नाही, एरवीसुद्धा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सूची दोन पदकं याच जातीच्या औषधापायी काढून घेतली होती. नातेवाइकांना चहा पाजा आणि विषय बदला.

धडधडीचं म्हणाल तर ती राहणारच. कुसाळेनेही फायनलनंतर सांगितलं होतं की पोटात कालवाकालव होती, काही खाल्लं नव्हतं, काळा चहा तेवढा घेतला होता.

रायफल खाली घेणं चूक नाही, जमत नसताना शॉट ओढून मारण्यापेक्षा बरंच. पण सात वेळा उचलून खांदे भरून येतात. मी खेळायचो तेव्हा नियम होता: दोनदा उतरवली की तिसऱ्यांदा सरळ स्टँडवर, पाणी, मग पाय लावण्यापासून नव्याने. ७५ मिनिटं असतात, घाई कसली?

बेरजेवर उपाय म्हणजे सरावात मॉनिटरवरचे आकडे झाकायचे. वहीत प्रत्येक शॉटसमोर एवढंच लिहायचं, ठरवल्याप्रमाणे सोडला का, हो की नाही. गुण लिहायचे नाहीत. दीड-दोन महिने तरी करा, आठवड्यात फरक शोधू नका.

आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच धाग्यात आहे. "सात वेळा, मी मोजलं."

धागाकर्ती

वाचून आधी राग आला, मग हसू. गोळीचा विषय संपला, आभार. मानसशास्त्रज्ञाबद्दल कुणाला अनुभव असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, पुण्यापर्यंत यायची तयारी आहे.

काल वही सुरू केली. मॉनिटरला पुठ्ठा लावून ६० शॉट्स, त्यात ४१ 'हो'. किती झाले विचारलं तर म्हणाली, "बघितलेच नाहीत." ती जॅकेट काढत होती तेवढ्यात पुठ्ठा उचलून मीच बघून घेतले.