प्रवेश परीक्षेचा अभ्यास आणि थकवा : आपले अनुभव लिहावेत

मोठ्या प्रवेश परीक्षेची तयारी वर्ष-दोन वर्षे चालते आणि अभ्यासक्रम संपण्याआधी अभ्यास करणाराच गळून जातो, असे अनेकांच्या बाबतीत घडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची जी व्याख्या केली, ती नोकरीतील ताणापुरती आहे, तरी शक्ती ओसरणे, कामाविषयी कडवटपणा येणे आणि हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिच्यातील लक्षणे परीक्षार्थींनाही ओळखीची वाटतील. आपल्याला कशाचा उपयोग झाला, ते सविस्तर लिहावे. उपदेश टाळावा, ही विनंती.

सुरुवात मीच करते. दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी वहीच्या शेवटच्या पानावर मी रोजचे तास मांडत असे आणि आकडा बाराच्या खाली आला की रात्री जागून तो भरून काढत असे. एके दिवशी उष्मागतिकीचा एक परिच्छेद वाचताना लक्षात आले, की त्यातील ओळींखाली माझ्याच हातच्या दोन रंगांच्या रेघा आधीपासून आहेत, आणि तरीही पुस्तक मिटल्यावर मला एक वाक्य धड सांगता येईना. तासांचा हिशेब त्याच दिवशी बंद केला. प्रकरण वाचून झाले की कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे निळ्या शाईने लिहायचे आणि सुटलेले पुस्तकात पाहून लाल शाईने भरायचे, असे ठरवले. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे सरस ठरले, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले, हे मला पुष्कळ उशिरा कळले. कागदावरचे लाल कमी झाले की टेबलावरून उठताना अपराधी वाटत नसे, आणि माझा थकवा मुख्यतः त्या अपराधीपणाचाच होता.

दुसरा अनुभव : माझे गाडे झोपेपाशी अडले होते. संध्याकाळी सहाला कॉफी घेऊन अकराला अंथरुणावर पडायचो आणि छत बघत राहायचो. शरीरातील कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, हे समजल्यावर दुपारनंतरची कॉफी सोडली. सराव परीक्षांतील माझ्या बहुतेक चुका न येणाऱ्या प्रश्नांच्या नव्हत्याच. कुठे चिन्ह उलटे घेतले होते, तर कुठे प्रश्नातला ‘नाही’ नजरेतून सुटला होता. त्या हळूहळू कमी झाल्या.

तिसरा अनुभव : पंचवीस मिनिटे अभ्यास आणि पाच मिनिटे विश्रांती हे तंत्र मला मानवले नाही. गणितात तंद्री लागते न लागते तोच गजर वाजे. त्याऐवजी आठवड्यातून अर्धा दिवस सुट्टी ठेवली. पहिल्या दोन सुट्ट्या आपण किती मागे पडलो, या विचारातच गेल्या, हेही कबूल करतो.

चौथा अनुभव : मी पालक आहे. ‘आज किती झाले?’ हा माझा रोजचा प्रश्न मला काळजीचा वाटे, मुलीला तो हजेरीसारखा वाटत होता. झोप आणि भूक दोन्ही बिघडून काही आठवडे लोटल्यावर आम्ही समुपदेशकांकडे गेलो. ते आधीच करायला हवे होते.

एक प्रश्न : कोऱ्या कागदाची पद्धत आकृत्यांच्या विषयाला कशी वापरावी, ते पहिल्या अनुभवाच्या लेखिकेने कृपया सांगावे.

पहिल्या लेखिकेचे उत्तर : आकृती न पाहता काढावी, नावेही न पाहता द्यावीत, आणि चुकलेली रेघ न खोडता तिच्यावरूनच लाल शाई फिरवावी.