मानेचा मणका झिजलाय, अंगठा बधीर. मान मोकळी करून घ्यावी का?

शिवणवाली: नमस्कार मंडळी. साताऱ्यात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. वय 54, त्यातली 31 वर्षं मशीनवर मान खाली. तीन महिने झाले, उजव्या खांद्यातून कळ निघते ती थेट अंगठ्यात. अंगठा आणि शेजारचं बोट बधीर. परवा तुरपाई करताना सुई बोटात शिरली ते कापडावर रक्त दिसल्यावर कळलं, तेही गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या ब्लाऊजवर! हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, म्हणून तशीच झोपते. घरचे हसतात.
एमआरआयमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यात झीज आणि नस दबलीय असं आलंय. ओळखीतले एक जण एका झटक्यात मान मोकळी करून देतात. जाऊ का?

पट्टेवाला: ताई, अजिबात नको. माझी सहाव्या-सातव्यातली नस होती, मधलं बोट बधीर. गोळ्या आणि व्यायाम, दोन महिन्यांत उतरलं. पट्टा मात्र दिवसभर लावून बसलो आणि मान आणखी आखडली, ती चूक करू नका.

फिजिओ_मी: हात डोक्यावर ठेवला की नसेवरचा ताण कमी होतो, त्यात हसण्यासारखं काही नाही. त्या जागेतून निघणारी सहावी नस अंगठ्याकडेच जाते, म्हणजे तुमचं दुखणं रिपोर्टशी जुळतंय. नाहीतर पन्नाशीनंतर काही त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही झीज दिसतेच. एकच नस दबली असेल तर बहुतेकदा ऑपरेशनशिवाय भागतं. मज्जारज्जू दबत असेल तर मात्र वेळ घालवून चालत नाही. म्हणून विचारते, डाव्या हातानं हुक-बटणं जमतात? चालताना तोल जातो? लघवीची घाई होते?

शिवणवाली: लघवीचं काही नाही. पण दिवाळीपासून दोनदा डावी चप्पल जिन्यातच राहिली आणि मी तशीच वर गेले, पत्ताच नाही. सैल झाली असेल म्हणून नवी घेतली. आणि हुक लावायचं काम हल्ली सुनेकडे देते. दोन्ही हातांत धरता येत नाहीत नीट. मला वाटलं नजर कमी झाली.

फिजिओ_मी: ताई, झटका तर सोडाच, वजन लावून मान ओढणंही आता नको. एमआरआयची सीडी घेऊन लगेच स्पाइन सर्जन किंवा न्यूरोसर्जनकडे जा. अंगठ्याचं नंतर, आधी चपलेचं आणि हुकांचं सांगा.

शिवणवाली: उद्या दुपारची वेळ मिळालीय. जुनी चप्पलही पिशवीत टाकलीय, दाखवायला.