रापण ओढताना मासळी निवडायची का? (मत्तय १३:४७-५०)

किनारपट्टी

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात जाळ्याचा एक छोटा दाखला आहे. स्वर्गाचे राज्य समुद्रात टाकलेल्या जाळ्यासारखे. त्यात नाना जातींचे सापडते. भरले की माणसे ते किनाऱ्यावर ओढतात, खाली बसून चांगले भांड्यांत भरतात आणि वाईट टाकून देतात. पुढे अर्थही सांगितला आहे: युगाच्या शेवटी देवदूत येऊन दुष्टांना नीतिमानांतून वेगळे करतील आणि अग्नीच्या भट्टीत टाकतील.

प्रवचनात आपण पोचतो ते थेट अग्नीच्या भट्टीपाशी. जाळे कुठले, हे कोणी विचारत नाही. मूळ ग्रीक शब्द ‘सगीनी’, आणि नव्या करारात तो फक्त इथेच येतो. पेत्र आणि आंद्रिया ४:१८ मध्ये टाकत होते ते हाताने फेकायचे गोल जाळे, म्हणजे आपला पाग. सगीनी म्हणजे सरळसरळ रापण, किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे. गालीलच्या सरोवरावर आयुष्य काढलेले मच्छीमार-संशोधक मेंडेल नून यांनी तिचे माप दिले आहे: लांबी २५० ते ३०० मीटर, दोन्ही बाजूंना उंची कमी, मध्ये जास्त. मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला याहून वेगळे काही सांगायला नको.

आता रापणीचे काम बघा. दोराचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात, होडी अर्धगोल मारत जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक घेऊन परत किनाऱ्याला लागते. मग दोन रांगा ओढायला लागतात. ओढ दोन्हीकडून सारखी लागते. एक रांग पुढे गेली की मधली खोळ, म्हणजे जाळ्याची पिशवी, तिरकी होते आणि मासळी सैल बाजूने बाहेर. शिशाची दोरी तळ सोडता कामा नये. घाईत वर उचलली की सगळे खालून निसटते. या दोन-अडीच तासांत निवडायला कोणी थांबत नाही. थांबले तर दोर सैल पडेल.

म्हणून माझा मुद्दा. फेस्ताची (चर्चच्या सणाची) समिती, कॉयर (गायनवृंद), मिस्सातले (चर्चच्या उपासनेतले) वाचन, अगदी चर्चची झाडलोट, इथेही ‘आधी माणूस कसा आहे बघा’ अशी चाळणी हल्ली गावोगाव लागते आहे. अमका पितो, तमकीने चर्चबाहेर लग्न केले, त्याचा भाऊ दुसऱ्या मंडळीत गेला. दाखल्यात निवड किनाऱ्यावर आहे आणि ती देवदूतांकडे आहे. आपल्या हातात दोर दिलाय.

आस-चाळीस

उपमा सुंदर आहे, पण अर्धीच सांगितली.

एक. निवड पाण्यात होत नाही हे खरे नव्हे. जाळ्याची आस, म्हणजे भोकांचे माप, हीच निवड करते. आस मोठी ठेवली की पिल्ले निसटतात, लहान ठेवली की मरतात. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवली ती का? किनाऱ्यावर आणून निवडलेले पिल्लू पाण्यात परत टाकले तरी बहुधा जगत नाही. उशिरा केलेल्या निवडीची किंमत लहानांना मोजावी लागते. मंडळीतही तेच. ज्या माणसाच्या वागण्याने पोरे बिघडतात, त्याला ‘शेवटी देवदूत बघतील’ म्हणून कॉयरच्या पोरांवर नेमायचे?

दोन. जेलीफिश. खोळीत जेलीफिश भरली की कोणी देवदूतांची वाट बघत नाही. जाळे इतके जड होते की फाटते, हातपाय भाजतात ते वेगळे. खोळ पाण्यातच उघडून सोडून द्यावी लागते. १ करिंथ ५ मध्ये प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला हेच करायला सांगतो. बापाच्या बायकोबरोबर राहणारा माणूस मंडळीत आहे आणि मंडळी वर फुशारकी मारते. पौल म्हणतो, त्याला तुमच्यातून काढा. थोडे खमीर सगळा गोळा फुगवते.

खारा वारा

मधेच एक. ‘वाईट’ मासे म्हणजे कुजलेले असे आपण धरतो. ‘सप्रा’ शब्दाचा तोही अर्थ होतो, पण तासाभरापूर्वी जिवंत ओढलेली मासळी कुजलेली कशी असेल? तो शब्द निरुपयोगी, कामात न येणारे यासाठीही चालतो. गालीलच्या कोळ्याला निरुपयोगी काय, ते लेवीय ११:९-१२ मध्ये लिहिले आहे: पंख आणि खवले दोन्ही असतील तोच मासा खायचा. त्या सरोवरात बिनखवल्याचा मोठा मांजरमासा होता, आजही आहे. जाळ्यात तो यायचाच.

आता हाच नियम घेऊन मालवणच्या लिलावात उभे राहा. शिंगाळा बाद. मोरी बाद. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, म्हाकूल सगळे बाद. टोपलीत उरले बांगडा, तारली, सौंदाळा. उद्या निम्मा बाजार उपाशी! म्हणजे चांगले-वाईट हे माशाच्या अंगावर लिहिलेले नसते, टोपली कोणाची यावर ठरते. ओढणारा स्वतःच्या जिभेने ठरवायला लागला तर मालकाला हवे तेच फेकून देईल.

शेवटचा बाक

हा वाद नवा नाही. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत याच दाखल्यावरून भांडण झाले होते. छळाच्या काळात ज्यांनी पवित्र शास्त्राच्या प्रती सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या, त्यांच्याशी संबंध ठेवणारी मंडळी अशुद्ध, असे डोनेटस-पंथी म्हणत. तिथलाच धर्मगुरू ऑगस्टिन याने त्यांच्याविरुद्ध लोकांना तोंडपाठ व्हावे असे एक गीत रचले आणि सुरुवातच या जाळ्याने केली. ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे बिशप समोरासमोर बसले. ऑगस्टिनच्या बाजूने निदणाचा (तणाचा) दाखला (१३:२४-३०) काढला की गहू आणि निदण कापणीपर्यंत एकत्र वाढू द्या. डोनेटस-पंथी म्हणाले, १३:३८ वाचा, शेत म्हणजे जग; मंडळी असे कुठे लिहिले आहे?

जाळ्याबद्दल मात्र त्यांना कबूल करावे लागले की आत वाईट मासे असतात. पण त्यांची पुस्ती बघा. म्हणाले, असतात, पण पाण्याखाली आहेत तोवर कोळ्याला दिसत नाहीत. म्हणजे लपलेले पापी मंडळीत असू शकतात, उघड पापी नाहीत. आस-चाळीस, तुमचा मुद्दा नेमका हाच आहे आणि तो लेचापेचा नाही.

किनारपट्टी, याचे उत्तर तुम्ही द्यायला हवे. रापणीचे शेवटचे वीस-पंचवीस वाव (दोन्ही हात पसरल्याएवढे माप) ओढताना खोळ गुडघाभर पाण्यात येते. तेव्हा आत काय आहे ते लख्ख दिसते.

किनारपट्टी

देतो. खोळ दिसायला लागते तेव्हा मासळी सगळ्यात जास्त उसळते, कारण तिलाही उथळ पाणी कळते. तेव्हा जाणकार माणसे छातीभर पाण्यात उतरून शिशाची दोरी पायाखाली दाबून धरतात, पाण्यावर हात आपटून मासळी खोळीकडे वळवतात. खोळ फारच भरली असेल तर एकदम ओढत नाहीत, फाटते. पाण्यातच टोपल्यांनी उपसून हलकी करतात. दिसते म्हणून निवडायला बसले असे होत नाही. उलट दिसते म्हणून जास्त जपतात.

जेलीफिशचे मान्य. पण ती सोडतात ती जाळे फाटू नये म्हणून, आवडत नाही म्हणून नव्हे. करिंथच्या माणसाचेही तसेच होते, त्याचे वागणे सगळ्या गावाला माहीत होते. आणि २ करिंथ २:६-८ पुढे वाचा. बहुतेकांनी केलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा, नाहीतर तो अति दुःखाने बुडेल. तो माणूस हाच की दुसरा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पौलाला काढण्याइतकेच परत घेणेही ठाऊक आहे. आपल्या समित्यांना पहिले येते, दुसरे येत नाही.

मादरीन

भावांनो, जाळे सोडा आणि जरा कागदावर या. तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकताय.

बाप्तिस्म्याचे पाद्रीन-मादरीन (धर्मपिता-धर्ममाता): कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलम ८७४. सोळा वर्षे पुरी, कॅथलिक, दृढीकरण झालेले, ख्रिस्तशरीर घेतलेले, जगणे श्रद्धेला धरून, चर्चची शिक्षा चालू नाही, आणि बाळाचे आईबाप नाहीत. इथे चाळणी आहे आणि असायलाच हवी, कारण ते पद आहे. एकच पाद्रीन किंवा एकच मादरीन चालते (८७३). गडबड होते ती इथे: मुंबईच्या भावाला पाद्रीन करायचे ठरते, त्याच्या पॅरिशचे पत्र आणलेले नसते, आणि आदल्या दिवशी कळते की त्याचे लग्न नुसते कोर्टात झाले आहे. मग कोणीतरी सुचवते, त्याला ‘साक्षीदार’ म्हणून लिहा. कलमात ती जागा बाप्तिस्मा झालेल्या बिगर-कॅथलिक माणसासाठी आहे, तीही कॅथलिक पाद्रीन किंवा मादरीनच्या जोडीला. नियमात न बसणाऱ्या कॅथलिकासाठी ते मागचे दार नव्हे. पत्र महिनाभर आधी मागवा, निम्मी भांडणे होणार नाहीत.

बाळ: आईबापांचे लग्न चर्चमध्ये झाले नाही म्हणून बाळाचा बाप्तिस्मा नाकारता येत नाही. बाळ श्रद्धेत वाढेल याची रास्त आशा हवी (८६८). ती अजिबात नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलायचा आणि कारण आईबापांना सांगायचे.

मयत: कलम ११८४ मध्ये चर्चचा अंत्यविधी नाकारायची कारणे मोजकी आहेत, आणि मरणापूर्वी पश्चात्तापाची काही खूण दिसली असेल तर तीही लागू होत नाहीत. शंका असेल तर बिशपांना विचारायचे. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये झाला, सावंतवाडी काही दूर नाही. घरात प्रेत असताना समितीने ओट्यावर बसून ठरवायची ही गोष्ट नव्हे.

कॉयर, झाडलोट, फेस्ताचे मंडप यांना असले कलम नाही. तिथे किनारपट्टींचे बरोबर आहे. पोरांची जबाबदारी असेल तिथे आस-चाळीस बरोबर.

आस-चाळीस

मादरीनबाय, कलमांबद्दल आभार. तरी माझा मूळ प्रश्न उभाच. मत्तय १८:१५-१७ मध्ये प्रभूने स्वतः पायऱ्या दिल्या आहेत. आधी दोघांतच बोला. नाही ऐकले तर एक-दोन जण बरोबर घ्या. तरी नाही तर मंडळीला सांगा. मंडळीचेही ऐकले नाही तर तो परराष्ट्रीय आणि जकातदारासारखा. ही निवड नाही तर काय? आणि हे सांगताना देवदूतांचे नाव नाही.

खारा वारा

आणि हे लिहून ठेवणारा मत्तय कोण, तर जकातदार! (९:९) जकातदारांशी प्रभू कसा वागला ते त्याच्याच घरच्या जेवणात दिसते.

शेवटचा बाक

खारा वारा, एवढ्यावर सुटका नको. पायऱ्या खऱ्याच आहेत. पण आपल्याकडे त्या कशा चढल्या जातात ते बघा. पहिली पायरी, दोघांत बोलणे, कोणी चढत नाही. दुसरी चहाच्या टपरीवर होते, फक्त ज्याच्याबद्दल बोलायचे तो तिथे नसतो. मग वार्षिक सभेत तिसरी, आणि तीही नाव न घेता, ‘काही लोक’ म्हणून. नाव घेतले नाही की त्याला उत्तरही देता येत नाही. त्याच अध्यायात अलीकडे शंभरातले हरवलेले मेंढरू आहे आणि पलीकडे पेत्राचा प्रश्न, किती वेळा क्षमा करायची. मधला तुकडा तेवढा कापून समितीच्या नियमावलीत घालायचा, हे मला पटत नाही.

ऑगस्टिनचे आणखी एक राहिले. लूक ५ मध्ये जाळी फाटायला लागतात, योहान २१ मध्ये १५३ मोठे मासे येऊनही जाळे फाटत नाही. तो म्हणतो, पहिले जाळे आजची मंडळी, चांगले-वाईट सगळे आणि फाटायची भीती, दुसरे पुनरुत्थानानंतरची. १५३ म्हणजे १ पासून १७ पर्यंतची बेरीज, हेही त्यानेच मोजून ठेवले आहे. आकड्याच्या खेळात मला रस नाही, पण फाटणारे जाळे हे आजचे आहे, हे त्याने मान्य केले होते.

आस-चाळीस

मग फाटलेले जाळे कोण शिवणार? मत्तय ४:२१ मध्ये जब्दीचे मुलगे तेच करत बसलेले असतात आणि त्यांना तिथूनच बोलावले जाते. उघड्या पापाबद्दल गप्प राहणे म्हणजे भोक तसेच ठेवून जाळे पुन्हा पाण्यात सोडणे.

किनारपट्टी

शिवायला माझा विरोध नाही. पण रापणीचे जाळे शिवतात ते वाळूवर पसरून, ओढ संपल्यावर, आणि फाटलेली बाजू उजेडाकडे धरून. दोर ताणलेला असताना सुई घालत नाहीत. फेस्ताच्या नऊ दिवसांत माणसे काढू नका, एवढेच माझे म्हणणे. फेस्त उरकल्यावर, दोघांत, पहिल्या पायरीने बोला.

आस-चाळीस

नऊ दिवसांपुरते मान्य. कॉयरच्या पोरांबाबत नाही, तिथे मी एक दिवसही थांबणार नाही.

मादरीन

तिथे कोणीच थांबायला सांगत नाही, बाबा. आणि ती पहिल्या पायरीची गोष्टही नव्हे. पोराला धोका असेल तर ‘दोघांत बोला’ लागू होत नाही; आधी पोलीस, मग बिशप.